रांग आणि संगीन

एदुआर माने ह्या फ्रेंच चित्रकाराचे नाव आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांत अगदीच अपरिचित नाही; त्याच्या रंगीत चित्रांच्या छापील प्रती पुष्कळांनी पाहिल्या असतील. (हे गृहस्थ सातारा-सांगलीकडचे असावेत असा समज माझ्या वर्गात दरवर्षी एखाद्या तरी विद्यार्थ्याचा होतो, आणि तो दूर करण्याची मी फारशी घाई करीत नाही.) परंतु १८७०-७१ च्या युद्धकाळातील त्याचे एक लहानसे, बिनरंगी चित्र फारसे कोणाच्या पाहण्यात येत नाही. ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले आहे. उंची सुमारे एक वीत, रुंदी त्याहूनही कमी. नाव, ‘खाटकाच्या दुकानापुढील रांग’. ह्या चित्राने मजपुढे जो प्रश्न उभा केला तो नीतिविषयक आहे, आणि एवढ्याच आधारावर चित्रकलेत अधिकार नसतानाही त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

चित्रात छत्र्याच छत्र्या आहेत. त्यांखाली माणसे, बहुतेक स्त्रिया, एकमेकींस चिकटून उभ्या आहेत, आणि त्यांचे चेहरे जवळजवळ नाहीसेच झाले आहेत. अशा चित्राची रीत अशी की, पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यात सुईने रेघा ओढावयाच्या. मग पत्रा आम्लात बुडविला म्हणजे रेघांपुरताच तो खाल्ला जातो, आणि त्या खाचांत शाई भरून त्यावर कागद दाबला की चित्र उमटते. मानेने छत्र्यांचे माथे बहुतांशी कोरेच सोडले आहेत. तेथे आम्लाने काहीच केलेले नाही. जपानी चित्रांचा, विशेषतः होकुसाईच्या रेखाटनांचा हा परिणाम, असे जाणकार सांगतात. मांस कोठेच दिसत नाही. शत्रूही दिसत नाही. छत्र्यांच्या त्या गर्दीतून मात्र एक बारीक, सरळ, टोकदार रेघ वर आलेली आहे. ती बंदुकीवर चढविलेली संगीन होय. सबंध चित्रात युद्धाची खूण काय ती एवढीच.

आता ही संगीन तेथे कशासाठी? १८७० च्या जुलैत फ्रान्सने प्रशियाशी युद्ध पुकारले. सप्टेंबरच्या आरंभी सेदान येथे सम्राट तिसरा नेपोलियन स्वतःच शत्रूच्या हाती सापडला, आणि १९ सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला तो २८ जानेवारी १८७१ पर्यंत उठला नाही. जर्मन सैन्य तटाबाहेर होते. खाटकाच्या दुकानापुढे ते येणार नव्हते. दुकानापुढची संगीन फ्रेंचच होती. भुकेल्या फ्रेंच स्त्रियांनी दुकान फोडू नये म्हणून ‘नॅशनल गार्ड’ ह्या नागरिक पथकातील शिपाई तेथे उभा केलेला होता. माने स्वतः ह्याच पथकाच्या तोफखान्यात होता. घरची मंडळी त्याने दक्षिणेस सुरक्षित ठिकाणी पाठविली होती, आणि त्याची पत्रे वेढ्यावरून उडणाऱ्या बलूनमधून जात असत. खाटकाची दुकाने आठवड्यातून तीनच दिवस उघडतात, पहाटे चारपासून रांगा लागतात, आणि शेवटी उभ्या राहिलेल्यांना काहीच मिळत नाही, असे त्याने वेढ्याच्या पहिल्या पंधरवड्यातच पत्नीस कळविले होते.

त्याच वेढ्यात पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातील कास्टर व पोलक्स ह्या दोन हत्तींस मारून त्यांचे मांस विकण्यात आले, आणि ते शहरातील महागड्या भोजनगृहांतून श्रीमंतांच्या पानात पडले. त्यांना रांगेत उभे राहावे लागले नाही. आमच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. रांग न्याय्य आहे काय? आणि न्याय्य असेल, तर तिच्यावर संगीन रोखावी का लागते?

प्रथम रांगेची बाजू मांडली पाहिजे, कारण आमच्या लोकांस तिचे महत्त्व उशिराच कळले. आमची जुनी संस्था पंगतीची. पंगतीत खाणारा बसतो व वाढणारा त्याजकडे येतो; त्यात अगत्य आहे, आणि आग्रहही आहे. परंतु कोण कोणत्या पंगतीस बसावयाचे, कोणी मागाहून बसावयाचे आणि कोणी मुळीच बसावयाचे नाही, हे जन्मानेच ठरून गेलेले असे. पाण्याचे तर विचारूच नये. गावच्या पाणवठ्यावर अस्पृश्यांस कोणताच क्रमांक नव्हता. भांडे ठेवून दूर उभे राहावयाचे, आणि कोणास दया येईल तेव्हा त्याने वरून ओतावयाचे, एवढीच त्यांची सोय. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्यांनी एका अर्थाने रांगेतील आपली जागा मागितली. आलेल्या प्रत्येकास क्रमांक आहे आणि तो त्याच्या जातीवरून ठरत नाही, एवढी साधी गोष्ट ह्या देशात मोठ्या कष्टाने मिळवावी लागली आहे. रांगेची थट्टा करणाऱ्या आमच्या वर्गाने हे विसरू नये.

पंगतीचेही एक निराळे रूप मराठवाड्यात आहे, ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात लंगर चालतो. तेथे श्रीमंत, भिकारी, शीख, मराठा, वाट चुकलेला प्रवासी, सगळे एकाच पट्टीवर मांडी घालून बसतात, आणि वाढणारा कोणाचे नाव विचारीत नाही. त्या पंगतीवर कोणी बंदूक घेऊन उभा राहत नाही, आणि कोणी ती लुटीतही नाही. ह्याचे कारण सोपे आहे. आपणापर्यंत वाढणारा येईतो अन्न संपणार नाही, अशी बसलेल्या प्रत्येकाची खात्री असते. पॅरिसच्या त्या बायांची नेमकी हीच खात्री नाहीशी झाली होती.

येथवर आले म्हणजे रांगेच्या न्यायातील उणीव दिसू लागते. रांग सांगते, जो आधी येईल त्याला आधी. परंतु आधी येणे ही काही योग्यता नव्हे. तान्हे मूल घरी ठेवून येणारी बाई उशिरा येते, म्हातारा उशिरा येतो, दिवसभर मोलमजुरी करणारा तर सर्वांत शेवटी येतो. आणि ज्याच्या घरी चाकर आहे, त्याचा चाकर पहाटे चारला येऊन उभा राहू शकतो. रस्किनच्या ज्या पुस्तकाने १९०४ साली जोहान्सबर्ग ते डर्बन ह्या प्रवासात गांधीजींना रात्रभर झोपू दिले नाही, त्या ‘अन्टू धिस लास्ट’चे नावच मुळी शेवटी आलेल्या माणसावरून पडले आहे. द्राक्षमळ्यात दिवस मावळता कामास लागलेल्यासही मालकाने सकाळपासून राबणाऱ्याइतकीच मजुरी दिली, ही ती बायबलातील कथा. रांगेच्या नियमाप्रमाणे तो मालक अन्यायी ठरतो. तथापि पोट शेवटच्यालाही पहिल्याइतकेच असते, ही अडचण रांगेच्या नियमाला सोडविता येत नाही.

याहूनही मोठी उणीव अशी की, रांग फक्त थांबणाऱ्यांमधील क्रम लावते. दाराआड किती माल आहे, तो कोणी आणला, त्यातील किती मागल्या दाराने गेला, ह्याविषयी ती अवाक्षर काढीत नाही. संगीन जर रांगेवर असेल आणि मागल्या दारावर नसेल, तर ती शिस्तीचे रक्षण करते की मागल्या दाराचे?

हा प्रश्न परदेशापुरता नाही. दुसऱ्या महायुद्धात मुंबईस १९४३ च्या मे महिन्यापासून धान्याचे रेशनिंग सुरू झाले. मुंबईकराने त्या रांगांना शिव्या दिल्या, त्यांवर विनोद केले. पण रांगेच्या टोकाला दाणे होते. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. जपानी सैन्य येईल ह्या भीतीने सरकारने १९४२ मध्ये तेथील किनारपट्टीच्या होड्या काढून घेतल्या वा नष्ट केल्या होत्या, तांदळाचे भाव गरिबाच्या आटोक्याबाहेर गेले होते, आणि कलकत्त्यास पूर्ण रेशनिंग आले ते १९४४ च्या जानेवारीअखेर. मृतांची संख्या सामान्यतः तीस लक्षांच्या घरात धरली जाते. चित्तप्रसाद भट्टाचार्य ह्या तरुण चित्रकाराने मेदिनीपूर जिल्ह्यात फिरून ती माणसे शाईने रेखाटली, आणि त्या रेखाटनांचे ‘हंग्री बेंगाल’ हे पुस्तक आमच्या मुंबईतूनच प्रसिद्ध झाले. सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. सुमारे पाच हजार होत्या असे म्हणतात. कुटुंबीयांनी जपलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण झाले. चित्तप्रसाद पुढे तीसेक वर्षे मुंबईत अंधेरीस राहिला, आणि १९७८ मध्ये कलकत्त्यास वारला. मराठी चित्ररसिकांनी त्याची फारशी वास्तपुस्त केली नाही, हे आमच्या लौकिकास शोभणारे नाही.

मानेच्या चित्रात चेहरे नाहीत. चित्तप्रसादाच्या रेखाटनांशेजारी माणसांची व गावांची नावे आढळतात. त्याच्या चित्रांत रांग मात्र नाही. तेथे माणूस एकटा पडलेला आहे, फार तर एखादे मूल जवळ आहे. रांग लागते ती काही मिळण्याची आशा असेल तेथे. जेथे आशाच संपली, तेथे शिपाई उभा करण्याचीही गरज उरत नाही. मग बंदोबस्त ठेवावा लागतो तो चित्रांवर.

आता घराजवळचे सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास पाणीपुरवठा करणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. सुमारे चार लाख वस्तीचे शहर टँकरवर आले. त्या दिवसांत गल्लीगल्लीतून जी रांग लागे, तीत माणसांआधी भांडीच उभी असत: घागरी, कळशा, निळे प्लास्टिकचे ड्रम, तेलाचे रिकामे डबे, आणि त्यांवर ओळखीसाठी बांधलेली चिंधी. वर्गात हजेरी घेताना एखादी मुलगी नंतर येऊन सांगे, “सर, आज आमच्याकडं टँकरचा दिवस होता.” त्यावर कोणताही अध्यापक काही बोलत नसे. पाणी किती दिवसांनी येईल, येईल तेव्हा दिवस असेल की रात्र, हे कोणासच ठाऊक नसल्यामुळे घरातील एक माणूस सदैव जागे असे. ते माणूस बहुधा बाईच असे.

मार्च महिन्यात जिल्हा प्रशासनाने शहरातील पाणी साठविण्याच्या व टँकर भरण्याच्या ठिकाणांभोवती फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू केले. पाचांहून अधिक माणसांनी तेथे जमू नये, असा हुकूम निघाला. पुढे १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून दहा डब्यांची, पाच लक्ष लिटर पाण्याची पहिली आगगाडी आली, आणि ‘जलदूत’ ह्या नावाने तिचे कौतुक देशभर झाले. ते अयोग्य होते असे मला म्हणावयाचे नाही. मात्र माझ्या मनात त्या गाडीपेक्षा तो हुकूमच अधिक दिवस राहिला. बाहेरगावच्या एका स्नेह्याने मला विचारले, “अहो, पाण्याला जमावबंदी? म्हणजे पाचवीनंतरच्या बाईने काय करावे?” मी त्यास मानेचे चित्र दाखविले.

तथापि न्यायाने बोलावयाचे तर हुकूम काढणारा अधिकारी चुकला असे मी म्हणणार नाही. टँकर अडविले जात, झोंबाझोंबी होई. दंडात बळ असलेला पुढे घुसे आणि एकटी म्हातारी मागे पडे. शिपाई नसता, तर पहिला बळी ती म्हातारीच झाली असती. व्यवस्था ही दुर्बलाची गरज आहे. बलवानाला तिच्यावाचूनही चालते. जे लोक प्रत्येक बंदोबस्तात जुलूमच पाहतात, त्यांनी एकदा टंचाईच्या टँकरपाशी उभे राहून पाहावे. संगिनीविषयी माझा आक्षेप ती तेथे आहे एवढ्यापुरताच असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आक्षेप असा की, जे राज्य रांगेतल्या माणसास ‘तू येथे गर्दी करू नकोस’ असे सांगते, त्या राज्यावर ‘पाणी कोठे गेले’ ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे ऋण चढते. मांजरेच्या खोऱ्यात उसाची लागवड किती वाढली, साखर कारखाने किती झाले, धरणातले पाणी शेताकडे किती वळले आणि जमिनीखालचे किती उपसले गेले, ह्यावर त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. नंतर त्याच वर्षी चांगला पाऊस झाला आणि चर्चा मंदावली. ऊस लावणारा शेतकरी काही राक्षस नव्हे. खात्रीचा भाव देणारे दुसरे पीक त्याजपाशी नव्हते, हेही खरे. परंतु हिशेब मागण्याचा हक्क रांगेतल्या बाईला आहे की नाही? आम्ही मध्यमवर्गीय मंडळी तर रांगेतूनच उठून जातो. आम्ही खासगी टँकर मागवितो, अंगणात दोनशे फुटांचे बोअर घेतो, ते आटले की चारशेचे घेतो. पॅरिसच्या भोजनगृहातील हत्तीचे मांस ते हेच.

ह्या हक्काचे एक उदाहरण आमच्याच राज्यात घडले आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान असावयास हवा तेवढा नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या पिढीने आईबापांकडून ऐकल्या: खडी फोडणाऱ्या बायांच्या ओळी, कामावर वाटली जाणारी सुखडी, घशाखाली न उतरणारी मिलो ज्वारी. मराठवाड्याने ते वर्ष फार सोसले. तरीही लोकांनी तेव्हा भीक न मागता काम मागितले. वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता द्यावा, असे त्यात लिहिले होते. भत्ता प्रत्यक्षात किती जणांना मिळाला, मस्टरवर खोटी नावे किती चढली, हा भाग वेगळा; आणि तो काही सुखाचा नाही. परंतु त्या कायद्याने रांगेतील माणसाचे स्थान बदलले. आधी तो दाराशी उभा असलेला याचक होता. आता दार न उघडल्यास दाराआडच्याने जाब द्यावयाचा होता. मस्टर ही वही आहे आणि वही वाचता येते. हजेरीच्या रांगेत भांडणे झाली नाहीत असे नव्हे. पण शेवटच्यालाही दगड फोडावयास मिळेल ही खात्री असली म्हणजे शिपायाला विडी ओढीत बसण्यास सवड मिळते.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि पॅरिसचा इतिहास ती मोठ्या स्पष्टपणे दाखवितो. ज्याच्या हाती संगीन होती, तो कोण होता? नॅशनल गार्डच्या साध्या शिपायास दिवसाला दीड फ्रँक मिळत असे. वेढ्यात उद्योगधंदे बंद पडल्यामुळे कित्येक कुटुंबांची तेवढीच मिळकत उरली होती. म्हणजे त्याची स्वतःची बायको कोठल्या तरी दुसऱ्या दुकानापुढे, दुसऱ्याच कोणाच्या संगिनीखाली उभी असणार. वेढा उठल्यावर दोन महिन्यांच्या आतच, १८ मार्च १८७१ रोजी, ह्या पथकाच्या तोफा काढून घेण्यासाठी सरकारने मोंमार्त्रच्या टेकडीवर खडे सैन्य पाठविले. भल्या पहाटे बाया घराबाहेर पडल्या आणि शिपायांत जाऊन मिसळल्या. गोळी झाडण्याचा हुकूम झाला, पण सैनिकांनी तो मानला नाही. त्या दिवशी पॅरिसमध्ये जे बंड उभे राहिले, त्यात कालचे रांगेवरील पहारेकरी रांगेच्याच बाजूस गेलेले होते. मे महिन्याच्या अखेरीस व्हर्सायच्या फौजेने ते बंड इतक्या निर्दयपणे मोडले की, शहराच्या रस्त्यांत हजारो माणसे मारली गेली. मानेने त्या कत्तलीवरही शिळाछापाचे एक चित्र काढले. ‘यादवी युद्ध’ हे त्याचे नाव. त्यात मोडक्या मोर्च्यापाशी एक शिपाई मरून पडला आहे, आणि तो नॅशनल गार्डचा आहे. हे चित्र १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. रांगेचे चित्र मात्र मानेच्या हयातीत, म्हणजे १८८३ पर्यंत, प्रसिद्ध झाले नाही.

लातुरास त्या उन्हाळ्यात टाकीपाशी पहारा करणाऱ्या एका पोलीस शिपायास मी सहज विचारले, “तुमच्या घरी पाणी येते का हो?” तो हसला. त्याची ड्यूटी रात्री नऊला सुटे, आणि त्याच्या गल्लीतला टँकर आठच्या सुमारास येऊन जाई. “मिसेस भरती, सर,” तो म्हणाला, “पण लेकरू लहान आहे, त्यामुळं नंबर मागं पडतो.” मग कोणीतरी दोन ड्रम आत ढकलू पाहत होते, तिकडे तो काठी घेऊन वळला.

कलम १४४ आता त्या क्रमांकाने राहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १६३ झाले आहे. मजकूर बराचसा तोच आहे. धनेगावचे धरण कधी भरते, कधी भरत नाही. जमावबंदीचा पुढचा हुकूम निघेल तेव्हा त्याच कागदाच्या पाठीवर धरणात पाणी किती होते आणि ते कोणाकोणास किती दिले, एवढे दोन आकडे छापावयास फारसा खर्च येणार नाही.